अंगठ्याखालचा नंबर

परळीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. एका दुपारी पांढऱ्या टोपीतले एक वधू-वर सूचक मोबाईल पुढं धरून आत आले. त्यांची स्थळांची वेबसाईट ज्या होस्टिंग कंपनीकडं होती, तिचा मेल आला होता. लोकांची खाजगी माहिती कशी सांभाळता ते आजच फॉर्म भरून कळवा, नाहीतर साईट बंद.

“परवानगीशिवाय कुणाचा नंबर दाखवता का?” मी पहिला प्रश्न वाचला.

त्यांनी पिशवीतून एक बायोडाटा काढून माझ्यासमोर धरला. मुलीचं शिक्षण दिसत होतं, उंची दिसत होती. नंबरावर त्यांचा अंगठा होता.

“दोन्हीकडून होकार आल्याबिगर ह्यो अंगठा हालत न्हाई. कंपनीला आत्ता सुचलं व्हय?”

“लग्न जमल्यावर माहिती काढून टाकता का?”

“लगीच. जमलेल्या पोरीला दुसरं स्थळ गेलं तर मार खाईन की मी.”

मी टाईप करत होतो, ते चहा पीत सहज विचारत होते. घर स्वतःचं का, भाऊ किती, मामा कुठले, चष्मा कधीपासून. मीही सांगत गेलो. वेबसाईट त्यांच्या मुलीच्या नावावर, त्यामुळं त्यांचं नाव मात्र मला आजही ठाऊक नाही.

आठवड्यानं धर्मापुरीहून एका गृहस्थांचा फोन आला. रविवारी मुलगा पाहायला यायचं म्हणत होते.

“माझी माहिती कुणी दिली?” मी विचारलं.

“ते सांगता येत न्हाई,” ते म्हणाले. “तुमचा होकार हाय, एवढं कळलं. चष्म्याचं आमाला चालतंय.”