लेसिबाच्या बैठकीतला खर्ज

दक्षिण आफ्रिकेतल्या मामेलोडी वस्तीत रविवारी दुपारी जॅझच्या बैठका भरतात, आणि ज्याच्या घरी बैठक असेल त्याची अब्रू त्या दिवशी त्याच्या स्पीकरांच्या हाती असते. लेसिबा लेदवाबाची अब्रू गेल्या खेपेला पार धुळीला मिळाली होती.

तबकडी ऐन रंगात आली असताना जॅझ मंडळाचा अध्यक्ष मादिमेत्जा उठला, आपली तिरकी हॅट सावरली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ग्रूटमॅन, मोठ्या माणसा, हा डबल बास वाजतोय की पाण्याच्या टाकीत गाय पडलीये?"

"तुझ्याकडे गाय तरी आहे," कोचावरून कुणीतरी ओरडलं, "इथं तर शेपूटसुद्धा ऐकू येईना!"

हसून हसून माणसं लोळली. दोघांचं म्हणणं खरंच होतं. खिडकीशेजारच्या खुर्चीत खर्ज नुसता घुमत होता आणि भिंतीलगतच्या कोचावर गडप होत होता. लेसिबा घाम पुसत सबवूफरचं बटण फिरवत राहिला. कमी केलं की कोच मुका, वाढवलं की खुर्चीतल्याचे कान किटले. बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्याला मान मिळेल अशी ही एकच जागा उरली होती, आणि तिथंच त्याचं हसं झालं.

त्यानंतर काही दिवसांनी त्याची थोरली बहीण, रामोकोने नावाची, अर्धांगवायूने पडली. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला पाठीला बांधून वाढवलं होतं. शहरात लोकांच्या घरी भांडी घासून पहिला रेकॉर्ड प्लेयर त्याला तिनेच घेऊन दिला होता. आता तिचा डावा हात तेवढा चालत होता आणि शब्द अर्धेमुर्धे फुटत होते. रस्त्यावरची माणसं दिसावीत, ऊन मिळावं म्हणून लेसिबाची बायको मोक्खादी हिने तिची खाट बाहेरच्या खोलीतच, खिडकीखालच्या कोपऱ्यात लावली होती.

पुन्हा बैठकीची पाळी आली तसा लेसिबा जुन्या तबकड्या विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेला.

"बटणाला कशाला शिव्या देतोस? दोष खोलीचा आहे," म्हातारा म्हणाला. "सबवूफरचा डबा उचल आणि तुझ्या ऐकायच्या खुर्चीत ठेव. वर-खाली चालणारा बास लाव, आणि मग तू भिंतीकडेने रांग, कान जमिनीशी. जिथं सगळे सूर सारख्या वजनाचे लागतील, तीच त्या डब्याची जागा."

घरी येऊन लेसिबा खरंच रांगू लागला. दाराशी काही सूर अंगावर येत होते, कपाटापाशी निम्मे नाहीसे होत होते. खाटेवरून घोगरा आवाज आला. रामोकोने हसत होती. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

"लेसिबा... रांगतो," ती म्हणाली. "पुन्हा... रांगतो."

"हो सेसी, माझे ताई, रांगतोय," तोही हसला, आणि रांगत रांगत तिच्या खाटेखाली शिरला. तिथं त्याचं हसू थांबलं. एकेक सूर गोल, सुटा, एकसारखा. त्याने सगळी खोली पुन्हा पालथी घातली. तशी दुसरी जागा नव्हती.

"कातलेगोचे पापा, दुसरा कोपरा बघा," लेकराच्या नावाने हाक मारत मोक्खादी म्हणाली.

"दुसरा नाहीये. डबा इथंच ठेवायचा, आणि खाट या खोलीत दुसरीकडे मावत नाही."

"मग वाजू दे थोडं वाईट. कुणी मरणारे का?"

"तुला नाही हसले ते," लेसिबा म्हणाला. "मला हसले."

ऐन थंडीत त्याने मागच्या अंगणातली पत्र्याची खोली झाडली. "मागं शांत वाटेल सेसी, गोंगाट नको तुला," असं म्हणत त्याने तिला उचलायला घेतलं, तर तिने डाव्या हाताने खाटेची दांडी घट्ट धरली. त्याने तिचं एकेक बोट सोडवलं.

रविवारी डबा खाटेच्या जागी होता, आणि खुर्ची, कोच, दार, कुठंही बसा, बास जणू शेजारी उभा राहून वाजत होता. मादिमेत्जा डोळे मिटून, पाय घासत नाचला. "ग्रूटमॅन, आज तू मला गप्प केलंस," तो म्हणाला. लेसिबाची छाती फुगली.

तबकडी उलटताना खोली शांत झाली, आणि मागून आवाज आला. ठण, ठण. पत्र्यावर काहीतरी आपटत होतं.

"काय खडखडतंय रे? स्क्रू ढिला आहे का कुठं?" एका पाहुण्याने विचारलं.

"शेजाऱ्यांचं काम चाललंय," लेसिबा म्हणाला.

मोक्खादी आतड्यांच्या रश्श्याचं पातेलं घेऊन दारात उभी होती. "मी जाऊन बघते," ती हळूच म्हणाली.

"आधी पाहुण्यांना वाढ." त्याने सुई टेकवली आणि आवाज वाढवला.

तिने वाढलं. सगळ्यांना वाढून होईपर्यंत ती त्या खोलीत थांबली, आणि हे तिने स्वतःला कधी माफ केलं नाही. मागे गेली तेव्हा रामोकोने खाटेवरून पडून गार फरशीवर ओल्या कपड्यांत होती. हातात पाण्याचा पत्र्याचा मग तसाच होता, पण ती आता आपटत नव्हती. जीव वाचला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच.

वार्षिक मेळावा लेसिबाकडेच करायचा, असं मंडळाने ठरवलं. लेसिबाने कुठूनसा जुना गालिचा आणला आणि मागच्या खोलीच्या भिंतीला ठोकला.

"थंडी अडेल तिची," तो बायकोला म्हणाला.

मोक्खादीने बघितलं. वारा यायचा ती भिंत उघडीच होती. गालिचा होता तो घराकडच्या भिंतीला. जाताना लेसिबाने पत्र्याचा मग उचलला आणि त्या जागी प्लास्टिकचा ठेवला.

त्याच संध्याकाळी मोक्खादीने आपलं अंथरूण उचललं आणि नणंदेशेजारी नेऊन घातलं. मेळाव्याला लेसिबाने जेवण विकत आणलं. बायको कुठंय, असं कुणीतरी विचारलं.

"बरं नाही तिला," लेसिबा म्हणाला, आणि पुढची तबकडी पुसायला लागला.