पंख्याचा बाप

इराकमधल्या बसऱ्यात माणसाला त्याच्या थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारायची रीत आहे. सबीह लफ्तेची थोरली मुलगी रफल, म्हणजे तो अबू रफल, रफलचा बाप. पण या नावानं हाक मारणारं माणूस गल्लीत एकच उरलं होतं, ते म्हणजे त्याची बायको नाहिदा. बाकी सगळे त्याला पंख्याचा बाप म्हणायचे. एकोणीस वर्षांच्या रफलला याचा फार राग यायचा. आपल्या आधी आपल्या बापाला एक पंखा झाला होता, हे कुठल्या मुलीला आवडेल?

सबीह बंदरावरच्या वजनकाट्यावर कारकून होता. ट्रक यायचे, काट्यावर चढायचे, सबीह आकडा लिहायचा, ट्रक जायचे. असं बावीस वर्षं चाललं होतं. पण ही झाली पोटाची सोय. त्याचा खरा जीव होता घराच्या गच्चीवरच्या खोलीत. तिथं अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवून, एक माईक आणि एक जुना कॉम्प्युटर मांडून त्यानं स्टुडिओ केला होता. दुकानांच्या जाहिराती, लग्नाची आमंत्रणं, कुणाच्या बाळाचं बारसं असलं काहीबाही तो तिथं रेकॉर्ड करायचा. अडचण एकच होती. कॉम्प्युटरच्या पोटातले तीन पंखे घोंघावायचे आणि ते घोंघावणं माईकमध्ये जायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "सबीह, माझ्या मिठाईच्या जाहिरातीत हेलिकॉप्टर का उतरतंय?"

यावर इलाज पुष्कळ होते. बाजारातल्या कुतैबानं, ज्याच्याकडून सबीहनं तो कॉम्प्युटर घेतला होता, एक डबी दाखवली. तिच्यावर बटण फिरवलं की पंखे हळू होत. डबी पस्तीस हजार दिनारची, म्हणजे चौघांचं बाहेरचं जेवण. सबीहनं ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि परत ठेवली.

"हवेचे पैसे घ्यायला लागलास होय रे कुतैबा?"

"हवेचे नाहीत भाऊ, हवा कमी करायचे घेतोय."

फुकट ते पौष्टिक, हा सबीहचा धर्मच होता. त्यानं इंटरनेटवरून फुकटचा प्रोग्राम उतरवला. कॉम्प्युटर किती तापला की पंखा किती जोरात फिरवायचा, याची एक तिरकी रेघ पडद्यावर उमटायची आणि ती माउसनं वरखाली ओढता यायची. बस्स! त्या दिवसापासून हा माणूस त्या रेघेचा झाला. लोक संध्याकाळी नदीकाठी फिरायला जात, हा रेघ ओढत बसे. पाहुणे आले की नाहिदा चहा आणायची आणि हा रेघ दाखवायचा. आधी एक प्रोग्राम, मग दुसरा, मग दोन्ही एकदम लावले तेव्हा पंखे भांडखोर सवतींसारखे एकदा हा पेटे, एकदा तो. मग पहिला काढला. तिन्ही पंखे एका हुकमात यावेत म्हणून त्यानं स्वस्तातली एक दुफाटी तार आणली आणि तिला स्वतःच तिसरा फाटा जोडला. आठवडाभर खोलीत जळक्या रबराचा वास होता.

नाहिदानं एकदा विचारलं होतं, "अबू रफल, तो डबा बाहेर जिन्यात ठेवा आणि लांब वायर आत घ्या. दाराला फट आहेच की."

सबीह हसला होता. उंटावरचा शहाणा खाली चालणाऱ्याकडे बघून हसतो, तसा. "उम्म रफल," तो रफलच्या आईला म्हणाला, "हे शास्त्र आहे. यात जिना येत नाही."

इलाज सगळ्यात स्वस्त होता, खरं तर फुकटच होता, आणि फुकटच्या नावावर जीव टाकणाऱ्या माणसानं तो नाकारला. कारण तो बायकोकडून आला होता.

कुतैबाला भेटल्यावर सबीहनं छाती फुगवून सांगितलं, की आपण पंखे पार शून्यावर आणले. कुतैबाचा चेहरा उतरला. "शून्य? थोडे तरी फिरू दे. आणि रेघ कुठल्या थर्मामीटरला बांधलीस? आत पाच-सहा असतात, नावं धड कळत नाहीत. चुकीच्याला बांधलंस तर मेंदू शिजेल आणि पंख्याला पत्ताही लागणार नाही. भर उन्हाळ्यात करून बघ आणि मग बोल."

"डबी विकायची ही नवी युक्ती का?" सबीह म्हणाला आणि चालू लागला.

थर्मामीटर त्यानं नीट पारखून निवडला होता. यादीतल्या सहांपैकी पाच उगाच वरखाली उड्या मारायचे. सहावा शांत, सभ्य, कायम एकेचाळीसवर. सबीहला तो आवडला. आमच्याकडे लोक म्हणतात, की सरकारी थर्मामीटर पन्नासला कधी टेकत नाही, कारण पन्नास झाले तर सुट्टी द्यावी लागेल. सबीह स्वतः हा विनोद वजनकाट्यावर रोज करायचा. पण आपल्या घरातला थर्मामीटरही सरकारी निघेल, असं त्याच्या डोक्यात आलं नाही. त्यानं परीक्षा घेतली ती जानेवारीत, अंगावर लोकरी कोट घालून.

जुलैत नाहिदाचे मामा आले.

फरजमामा जन्मभर होड्यांवर राबले होते आणि जन्मभर गायले होते. खश्शाबा या लाकडी ढोलांवरच्या गाण्याच्या बैठकीत, जिथं चाळीस माणसं एकमेकांच्या टाळीत टाळी गुंफतात, तिथं मामांचा आवाज त्या सगळ्या टाळ्यांच्या वर तरंगायचा. लग्नांतले त्यांचे व्हिडिओ खंडीभर होते. पण एक गाणं त्यांनी बाहेर कधीच गायलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या बायकोसाठी, झहवासाठी, रचलं होतं आणि ते फक्त घरात, तिच्यापुढे गायचे. झहवा जाऊन सहा वर्षं झाली होती. आता मामांच्या गळ्यात गाठ निघाली होती. रविवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

"जावईबापू," मामा खरखरत म्हणाले, "ते एक गाणं ठेवून जायचंय. माझं मला ऐकता येईल एवढं तरी. एकदाच म्हणता येईल. दुसऱ्यांदा गळा साथ देणार नाही."

नाहिदा हळूच म्हणाली, "मामा, बाजारात मोठे स्टुडिओ आहेत. रफल घेऊन जाईल तुम्हाला."

"बाजारात!" सबीह उठूनच उभा राहिला. "माझ्या खोलीसारखी शांतता अख्ख्या बसऱ्यात नाही, हाजी. सुई पडली तर तिचं नाव सांगीन."

मामांनी होकार दिला. जावयाचा मान राखला, दुसरं काय.

आता शांततेचंही एक वेळापत्रक होतं. सरकारी वीज गेली की गल्लीतला मोठा जनरेटर धडधडू लागायचा आणि घरोघरी त्याचीच वीज जायची. त्या धडधडीत माईक काय, माणसाचं मनही ऐकू येत नसे. म्हणजे शांतता हवी तर सरकारी वीज असतानाच. ती त्या आठवड्यात यायची दुपारी दोन ते चार. जुलैची दुपार, गच्चीवरची खोली, वर पत्रा, आणि समुद्राकडून शर्जी नावाचं दमट वारं. एसी लावून आधी खोली गार करायला अर्धा तास हाताशी होता. तो अर्धा तास सबीहनं मामांना रेघ दाखवण्यात घालवला. एसीही लावला नाही, कारण एसीच्या आवाजात पंख्यांची शांतता कशी ऐकवणार?

"हे बघा हाजी, इथं दाबलं की तिन्ही पंखे थांबले. ऐका. काही ऐकू येतंय?"

"नाही," मामा म्हणाले.

"तेच तर!"

"पण जावईबापू, टाळीला कुणी नाही, गोंगाट नाही, माणूस नाही. अशा ठिकाणी गातात का? कबरीत बसल्यासारखं वाटतंय."

"आवाज शुद्ध येतो, हाजी."

खिडकी बंद झाली. टेबलावरचा पंखा बंद झाला. दर मिनिटाला रेकॉर्डिंग आपोआप जतन व्हायची सोय होती, तीही सबीहनं बंद केली, कारण तेव्हा डिस्क किरकिरायची. नाहिदाला आत बसायची परवानगी मिळाली, पण बांगड्या काढून. ती उंबऱ्याशी बसली, हात काळ्या अंगभर अबायाच्या आत घेऊन.

मामांनी डोळे मिटले.

"नदी खारी झाली गं, झहवा, तुझी घागर भरशील कुठे..."

सबीह बंदरावरचा कारकून होता, रेघेचा वेडा होता, पण बहिरा नव्हता. पहिल्या ओळीलाच त्याच्या अंगावर काटा आला. हा आवाज लग्नातला नव्हता. हा एका म्हाताऱ्याचा घरातला आवाज होता, ज्याला जेवायला वाढणारं कुणी उरलं नव्हतं. नाहिदाच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण नाक ओढायची तिला परवानगी नव्हती.

दुसऱ्या कडव्यापर्यंत मामांचा सदरा ओलाचिंब झाला. पडद्यावर एकेचाळीस. तिसऱ्या कडव्याला मामांचे ओठ पांढरे पडले. पडद्यावर एकेचाळीस. गाणं चढत चढत त्या "कुठे"पाशी आलं, जिथं मामा आवाज उंच उचलून धरून ठेवायचे. म्हातारा उष्म्यानं कोसळतो की काय, असं नाहिदाला वाटलं. ती उठली आणि तिनं टेबलावरच्या पंख्याचं बटण दाबलं.

"बंद कर गं तो पंखा!" सबीह ओरडला. "आवाज येतोय!"

नाहिदानं बंद केला. नवऱ्याकडे तिनं जसं बघितलं ते लिहिण्यासारखं नाही.

मामांनी डोळे उघडले नाहीत. ते शेवटच्या कडव्यात शिरले आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. टक् असा बारीक आवाज झाला आणि कॉम्प्युटर गेला. सभ्य थर्मामीटर कशालाच जोडलेला नव्हता, म्हणून तर कायम एकेचाळीस. मेंदूचा जो होता, तो कधीचा शंभरच्या पुढे गेला होता आणि मशीननं स्वतःचा जीव वाचवला होता. सबीह काळ्या पडद्याकडे बघत राहिला. मामा गात राहिले, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग डोळे उघडून म्हणाले, "झालं?"

सबीह टेबलाखाली वाकून बटण चाचपू लागला.

पुन्हा कॉम्प्युटर सुरू केला, तेव्हा आत काहीच नव्हतं. जतनच झालं नव्हतं तर असणार काय? मामा पाणी प्यायले, त्यांनी घसा खाकरला आणि पहिली ओळ धरली. नुसती हवा आली. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि मग सबीहच्या खांद्यावर हात ठेवून ते जिना उतरले. रविवारी ऑपरेशन झालं.

त्यानंतर सबीह सगळ्यांना सांगत फिरला, की सरकारी विजेचा दाब कमीजास्त झाला. वजनकाट्यावर सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, कुतैबालाही सांगितलं. कुतैबानं फक्त "थर्मामीटर कुठला होता?" एवढंच विचारलं. सबीहनं विषय बदलला. पण वर गेल्यावर तो त्या खोलीत नुसता बसून राही, रेघेला हात न लावता. एका माणसाचा शेवटचा आवाज आपण घालवला, हे त्याला कळत होतं आणि ते त्याला झोपू देत नव्हतं. मामांना भेटायला तो दोनदा निघाला आणि दोन्हीदा रस्त्यातून परतला. नाहिदा मात्र दर गुरुवारी जायची आणि आल्यावर काही बोलायची नाही.

ऑक्टोबरात मामांच्या पुतण्याचं लग्न निघालं. तिथं न जाऊन चालणार नव्हतं. सबीह अंगणात अगदी मागच्या खुर्चीवर बसला, माशाच्या ताटाआड तोंड लपवून. समोर मामा बसले होते, गळ्याला पांढरी पट्टी. जेवणं झाली आणि कुणीतरी मोठ्या स्पीकरला मोबाइल जोडला.

"नदी खारी झाली गं, झहवा..."

सबीहच्या हातातला घास ताटात पडला. तोच आवाज! तीच खोली! मागं एवढीही घरघर नाही, निव्वळ आवाज. क्षणभर त्याला वाटलं, की आपण वेडे झालो. मग त्याला उंबऱ्याशी बसलेली नाहिदा आठवली, अबायाच्या आत हात घेतलेली, आणि तिथल्या तिथं त्याला रडूच आलं. हरवलं नव्हतं! अंगणातल्या पन्नास माणसांनी टाळ्या धरल्या. सगळ्यांना गाणं पाठ होतं, म्हणजे या मोबाइलवरून त्या मोबाइलवर ते कधीचं फिरत होतं, एक पंख्याचा बाप सोडून. दुसरं कडवं गेलं, तिसरं चढलं, "कुठे" आला, टाळ्या एकदम थांबल्या आणि पन्नासच्या पन्नास माणसं, बायकापोरांसकट, एका सुरात ओरडली:

"बंद कर गं तो पंखा! आवाज येतोय!"

आणि पुन्हा टाळ्या सुरू. नवरदेवही ओरडला. नवरीही ओरडली. मामांचं तोंडही उघडलं, आवाजाविना, आणि त्यांचे खांदे हसून हलत होते.

सबीह उठून बायकांच्या बाजूला गेला. "उम्म रफल, तीन महिने! तीन महिने मी जळतोय. मला सांगितलं का नाहीस?"

"माझ्या मोबाइलमध्ये घेतलं होतं, मामांना हॉस्पिटलातच दिलं, पुढं त्यांनीच वाटलं," नाहिदा म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते साफ करायला घेतलं असतंत."

मधला तो ओरडा काढून टाकणारा एक फुकटचा प्रोग्राम आहे, हे वाक्य सबीहच्या जिभेवर आलंच होतं.

लोकांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. तोवर कुणीतरी मूळ ओरडणारा ओळखला होता आणि त्याला हाताला धरून मामांच्या शेजारी आणून बसवलं होतं. तिसरं कडवं चढलं. या वेळी कुणीच ओरडलं नाही. टाळ्या थांबल्या आणि सगळे त्याच्याकडे बघू लागले. मामांनी कोपरानं ढोसलं. सबीह लफ्तेनं घसा साफ केला आणि भर अंगणात, रडवेल्या आवाजात, स्वतःचंच वाक्य स्वतः ओरडला, आणि तेही अर्धी मात्रा उशिरा.