बोंडातला दुसरा दाणा

माझी वहिनी तेहित वज्जाग झाडायला निघाली की तळावरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "निघाली बघा चिक्कू! आता गवतासाठी आपल्याला उपाशी ठेवील." वज्जाग म्हणजे आमच्या माळावरचं काटेरी बोंडांचं गवत. दक्षिणेकडून बाजरी आली नाही, की आमची चूल त्याच्यावरच. काटे उपटायचा चिमटा प्रत्येकीच्या गळ्यात. पण तेहित सगळी बोंडं कधी झाडू द्यायची नाही. तिसरा हिस्सा वाळूतच राहिला पाहिजे, असा तिचा हट्ट.

एकदा तिनं माझ्या तळहातावर बोंड फोडून दाखवलं. "हे बघ, एक दाणा टपोरा, एक बारका. टपोरा पहिल्या सरीला उठतो. बारका वर्ष-दोन वर्षं ढिम्म हलत नाही. पाऊस खोटा निघाला तर टपोरा मरतो आणि बारका वंश राखतो. तो आपल्या उखळातला नाही गं."

उंटांनी झाडांच्या साली खाल्ल्या, त्या वर्षाची ही गोष्ट. पाऊस महिनाभर आधीच आला. एका दुपारी असा कोसळला, की तंबूंतून पाणी वाहिलं. पाचव्या दिवशी वाळू हिरवी झाली. माझा भाऊ बाझो चहाचा पेला खाली ठेवून उठलाच. "गुरं उत्तरेला न्यायची. उद्याच. तिकडे याहून जास्त पडलाय."

तेहित हातात मूठभर वाळू घेऊन आली. "अहो, थांबा जरा. बोंडांतले अर्धे दाणे अजून उठलेच नाहीत. त्यांचा या पावसावर भरवसा नाही."

"मी पंचवीस वर्षं गुरं राखतोय, आणि आता काट्यांना विचारून चालू?" सगळे हसले. तीही थोडी हसली. मीही हसले, ते लपवत नाही.

बाझोला दोन्ही मुली बरोबर हव्या होत्या, शेळ्या वळायला. तेहितनं धाकट्या राइशाचा हात सोडला नाही. "थोरलीला न्या. ही माझ्याजवळ राहील." मिनाता बारा वर्षांची होती. आनंदानं उड्या मारत गेली. जाताना बहिणीला म्हणाली, "तू बस आईच्या कुशीत, भित्रे!"

त्यानंतर थेंब पडला नाही. गवत घोट्याएवढं झालं, पिवळं पडलं आणि वाऱ्यानं मोडलं. बाजरीची गाडी आली नाही. मग तेहितनं स्वतःच चाळणी उचलली. वाळू चाळून तिनं तीच, मागे राहिलेली बारक्या दाण्यांची बोंडं वेचली. मुंग्यांची वारुळं खणून त्यांनी साठवलेला दाणाही काढला. मी शेजारी बसून पाखडत होते. ती एवढंच म्हणाली, "आपण पुढचं वर्ष खातोय."

बाझो दीड महिन्यानं पायी परतला. मागे एकही जनावर नव्हतं. तोंडावरचा पटका त्यानं डोळ्यांपर्यंत ओढला होता. तेहित त्याच्या मागे बघत राहिली, बराच वेळ. शेवटी तो म्हणाला, "विहीर आटली होती. तिला ताप होता. तिथंच पुरली."

तेहितनं त्याला पाणी दिलं.

उरलेले आम्ही अबालाक गावाच्या वेशीवर गेलो, चिंध्यांचे आणि पोत्यांचे तंबू ठोकून राहिलो. तिथं आमच्या तळावरच्याच एका म्हातारीनं तेहितची समजूत काढली. "एकीला मागे ठेवलीस, शहाणी गं तू. तुझ्या गवतासारखीच."

तेहितनं मान वर केली. "गवताला मेलेल्या दाण्याचं नाव ठाऊक नसतं, आजी."

पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला. मला राहवेना, म्हणून तिला घेऊन जुन्या तळावर गेले. वज्जाग कमरेएवढं उभं होतं. आमच्या चाळणीला न सापडलेले, खोल गेलेले दाणे उठले होते. नजर जाईल तिथवर गवत, आणि त्यात तोंड घालायला एक शेळी नाही. माणूसही नाही.

"वहिनी, झाडू या का थोडं?" मी विचारलं.

"कुणासाठी?"

"राइशासाठी."

मी एकटीनंच एक पोतं भरलं. परतताना तिनं ते डोक्यावर घेतलं, पण घरी त्यातला एक घासही खाल्ला नाही. नंतरही कधी नाही. बाझो गावातल्या एका गोदामावर राखणदार झाला. दोघं एका तंबूत राहिली, पण तो बोलला की ती बाहेर जायची. सहा वर्षांनी खोकल्यानं ती गेली. राइशाला वज्जाग ओळखता येत नाही. तिला तेहितनं ते शिकवलंच नाही.