साहेबांच्या रिसीव्हरची मुकी बाजू

'मी त्या पेटीला हात लावला नव्हता,' हे वाक्य तीस वर्षांत मी किती जणांना ऐकवलं असेल, सांगता येणार नाही. बायकोला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ऐकवलं. ठेकेदारांना ऐकवलं, रंग घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना चहा पाजून ऐकवलं. मोहाडीत माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. ते कसं उभं केलं असं कोणी विचारलं की मी त्या पेटीपासूनच सुरुवात करायचो.

एकोणिसाव्या वर्षी मी साकोलीला पुताईच्या टोळीत होतो. दिवाळीच्या तोंडावर सरकारी क्वार्टरांना चुना मारायचं काम चाललं होतं. एका अभियंता साहेबांच्या बैठकीत जुना जपानी स्टिरिओ रिसीव्हर होता. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच लाकडी पेटीत, पुढून चांदीसारखी चकचकीत पट्टी, तिच्यावर ओळीनं गोल बटणं आणि वरखाली होणाऱ्या लहान लहान खिट्ट्या. दोन बाजूंना दोन स्पीकर. साहेबांच्या भावानं तो परदेशातून आणलेला होता. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं की पेटी सरकवायची असेल तर मला हाक मारा. संध्याकाळी त्यांनी ती लावली तेव्हा डावा स्पीकर मुका. मला समोर उभं करून त्यांनी विचारलं, मी नाही म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं मला टोळीतून काढून टाकलं. त्या वसाहतीत मग मला कोणी कामाला बोलावलं नाही. ऐन दिवाळीत मी घरी बसलो. त्या रागातच मी पुढं रंगाचे डबे सायकलवर बांधून गावोगाव विकायला लागलो, आणि बाकीचं सगळं त्यानंतरचं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एक गिऱ्हाईक दुकानात आलं. साकोलीत जुनं घर विकत घेतलंय, मालक एकटेच आहेत, मुलाकडे पुण्याला चाललेत, सामान विकायला काढून राहिले, असं सांगू लागलं. काय काय सामान आहे, मी सहज विचारलं. दिवाण, कपाट, आणि एक लाकडी पेटीचा मोठा रेडिओ. त्याची एकच बाजू वाजते म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बायकोवर सोपवलं आणि साकोली गाठली.

रिटायर झाल्यावर साकोलीतच घर करून राहिलेले साहेब आता ऐंशीच्या घरात आले होते. त्यांनी मला ओळखलं नाही, आणि ओळखणार तरी कसे? तेव्हा मी काडीसारखा होतो. आता पोट आहे, चष्मा आहे, बोटात अंगठी आहे. ते मला तुम्ही म्हणाले, खुर्ची दिली. रिसीव्हरवर विणकामाचा रुमाल आणि वर फुलदाणी होती. त्यांनी स्वतः रुमाल उचलला. आठ हजार म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत प्रामाणिकपणे पुढं म्हणाले, "एक सांगून ठेवतो. डावी बाजू बंद आहे. एका पुताईवाल्यानं बिघडवली."

 दुसरा कुठला दिवस असता तर मी तिथंच आवाज चढवला असता. पण सौद्याला बसलो की माझं डोकं वेगळं चालतं. मी नुसतं विचारलं की दुरुस्त का नाही केली. ते म्हणाले, त्या दिवसापासून मी याला कोणाला हात लावू दिला नाही, मेकॅनिकलासुद्धा नाही. मग मी भाव पाडायला लागलो. अर्धी मेलेली वस्तू आहे, साहेब. पार्ट मिळत नाहीत. आत काय काय जळलंय कोणाला ठाऊक. ज्या बिघाडाचा आळ माझ्यावर होता, त्याच बिघाडाच्या जोरावर मी आठाचे साडेचार केले आणि दोन्ही स्पीकर त्यातच घेतले. मनात म्हणालो, आता ही पेटी मी उघडून घेईन. आतला पार्ट आपोआप गेला होता हे मेकॅनिककडून कागदावर लिहून घेईन आणि साहेबांना पाठवीन. तेवढ्यासाठीच मी ती घेतली होती.

घरी बायकोनं ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ज्याच्या नावानं जनमभर बोटं मोडली, त्याचीच पेटी घरात आनली? तुमाले सुचून तरी काय राहिलं?"

  गाडीतून पेटी उतरवताना मी दोन्ही हात तिच्या खाली घातले आणि छातीशी धरली. तिचा जड भाग उजवीकडे आहे, म्हणून ती त्या बाजूला झुकते. ते मला आधीपासून ठाऊक होतं. माझ्या हातांना ठाऊक होतं. तीस वर्षांपूर्वी साहेब ऑफिसला गेल्यावर मी ती अशीच उचलून खाटेवर ठेवली होती, मागची भिंत पोतून घेतली होती आणि परत जागेवर मांडली होती. हाक मारायला घरात कोणी नव्हतं आणि ठेकेदार घाई करत होता. पुढच्या पट्टीवर चुन्याचे शिंतोडे उडाले होते, तेही मी ओल्या फडक्यानं घाईघाईत पुसले. ही एवढी गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. इतक्या वर्षांत स्वतःलाही सांगितली नव्हती म्हणा. मग डावी बाजू माझ्या हातानं गेली होती की नाही? हा प्रश्न आता माझ्याच बैठकीत येऊन बसला होता.

लावण्याआधी मी आंधळगावच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकला फोन केला. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. आता ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, पण जुन्या पेट्यांचं नाव काढलं की त्यांचा आवाज बदलतो. जयभीम झाला, आणि लगेच हुकूम सुटले. मागं व्होल्टेजचं बटण आहे ते पाहा, एकशे दहावर असेल तर प्लग लावू नका. वर रुमाल-बिमाल असेल तर काढून फेका, वरच्या जाळीतून गरम हवा निघायला पाहिजे. स्पीकरच्या वायरी सोलून पीळ द्या, लाल लालमध्ये, काळी काळीमध्ये, आणि एकही तार दुसरीला शिवता कामा नये. पहिल्यांदा सरळ वीज देऊ नका, मधे शंभर वॅटचा बल्ब जोडा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटून तसाच राहील; पेटून मंद झाला तर समजा पेटी ठीक आहे.

बटण दोनशे चाळीसवर होतं. बल्ब पेटला आणि मंद झाला. काचेमागं हिरवा उजेड आला, थोड्या वेळानं आत टक् असा आवाज झाला. मोबाईलला लाल-पांढऱ्या पिनांची वायर लावून ती मागच्या ऑक्सच्या, म्हणजे बाहेरचा आवाज घ्यायच्या, भोकांत खोचली आणि आवाजाचं बटण हळूहळू फिरवलं. उजवीकडून गाणं आलं. काय आवाज होता! माझ्या दुकानातल्या डब्यासारख्या स्पीकरची लाज वाटली. डावीकडून मात्र काहीच नाही.

स्पीकर खराब असेल म्हणून मी दोन्हीच्या वायरी अदलाबदल केल्या. आता जो स्पीकर वाजत होता तो मुका झाला, आणि मुका होता तो वाजायला लागला. म्हणजे दोष स्पीकरचा नव्हता, पेटीचाच होता. डावी-उजवीकडे आवाज वळवायचं बटण असतं, ते पूर्ण डावीकडे फिरवलं तर घर चिडीचूप. मी त्या पेटीवर ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ती बिचारी काय उत्तर देनार, आंधळगावले फोन करा.

काकाजी रविवारी दुपारी आले. जेवण झालं, मग चष्मा पुसून पेटीसमोर बसले. हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. पुढच्या पट्टीवरच्या खिट्ट्या एकेक करून ते वरखाली करायला लागले. मी मागं उभा होतो. त्यांनी स्क्रू काढावे, आतला जळका पार्ट बाहेर काढून दाखवावा, असं मला फार वाटत होतं. असा पार्ट, जो कोणाच्या हातानं जळत नाही.

एका खिट्टीवर ते थांबले. टेपरेकॉर्डर जोडला असेल तर त्याचा आवाज घेण्यासाठी ती असते. ती वरही नव्हती आणि खालीही नव्हती, मधेच अडकली होती. काकाजींनी बोटानं ढकलून पाहिली, हलेना. मग बायकोकडून सुई मागून घेतली आणि खिट्टीच्या खाचेत हळूच कोरलं. पांढरा, तांदळाच्या कणीएवढा खडा तळहातावर पडला. त्यांनी तो नखानं चुरडला.

"हे काय होय भाऊ? चुना?"

चुना मला ओळखायला कोणी शिकवायला नको. नीळ टाकलेला होता तो, किंचित निळसर. क्वार्टरांना आम्ही तसाच मारायचो.

काकाजींनी खिट्टी चार-सहा वेळा वरखाली केली. आधी खरखर झाली, मग डाव्या स्पीकरमधून आवाज फुटला. खोली अचानक रुंद झाल्यासारखी वाटली. बायको हात पुसत दारात येऊन उभी राहिली. काकाजी म्हणाले, खिट्टी अर्धवट राहिली की एक बाजू जाते. आत काहीच बिघडलेलं नाही, ही पेटी अजून तुमच्यापेक्षा जास्त जगेल. मग माझं तोंड पाहून विचारलं की आता रडून काहून राहिले?

मी रडत नव्हतो. पण मी खाली बसलो, आणि कितीतरी दिवस घट्ट बांधून ठेवलेला पट्टा कोणी सैल करावा तसं मोकळं वाटलं. केलं मीच होतं. माझ्याच फडक्यानं ती खिट्टी अर्धी सरकली होती, त्यात माझाच चुना गेला आणि वाळला. पण काही मोडलं नव्हतं, जळलं नव्हतं. एवढासा खडा होता. मी त्या दोघांना सगळं सांगितलं: पेटी उचलली होती ते, फडकं, घाई, सगळं. बायकोनं काकाजींकडून सुई परत घेतली. मग म्हणाली, "म्हंजे इतकी वर्सं मी खोटी गोस्ट आयकून राहिली होती. आता दुसरी एखादी खरी असंल तर तीबी सांगून टाका." काकाजी खो खो हसले. मलाही हसू आलं, आणि तेव्हा कळलं की या गोष्टीवर मी आयुष्यात पहिल्यांदा हसतोय.

काकाजींना गाडीत बसवून आलो आणि चपला न काढताच साहेबांना फोन लावला. थांबलो असतो तर उद्या केला नसता, हे मी स्वतःला ओळखून आहे.

दोन्ही बाजू वाजतात, मी सांगितलं. ते एकदम खूश झाले, काय पार्ट बदलला विचारायला लागले. पार्ट नाही, चुना होता, मी म्हणालो. आणि तो पुताईवाला मीच. त्या दिवशी मी पेटी उचलली होती.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग साहेबांनी विचारलं, "उचलली होतीस ना?" तुम्हीचा तू झाला होता.

"हो."

"मग मी त्या दिवशी दुसरं काय विचारलं होतं? बिघडवलीस का असं विचारलं नव्हतं. सरकवलीस का, एवढंच विचारलं होतं."

खरं होतं. तेवढंच विचारलं होतं. पण मी गप्प बसणारा माणूस नाही. मी म्हणालो, साहेब, एका शब्दासाठी माझी दिवाळी गेली, आणि तुम्ही तीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगत राहिलात की पुताईवाल्यानं पेटी बिघडवली. एकदा खिट्टी हलवून पाहिली असती तर? तुम्ही तर अभियंता.

 साहेब चिडून फोन ठेवणार असं मला वाटलं. मग म्हणाले, "टेपरेकॉर्डर कधी घेतलाच नाही रे. त्या खिट्टीकडे लक्षच गेलं नाही. आणि ठेकेदारानं तुला काढलं, हे मला आज कळतंय." पुढं म्हणाले की दोन्ही बाजू वाजतात म्हणजे तू मला भावात चांगलाच कापलास. मी म्हणालो, सौदा झाला साहेब, दिलेला माल परत नाही. ते खोकत खोकत हसले.

मग त्यांनी ऐकवायला सांगितलं. गाणी मोबाईलमध्ये आणि मोबाईल माझ्या कानाला, म्हणून मी पेटी रेडिओवर लावली आणि तिचा मधला मोठा गोल फिरवला. काचेमागची सुई सरकत गेली आणि मीडियम वेव्हवर नागपूर लागलं. धानावरच्या तुडतुड्यांसाठी काय फवारायचं ते एक बाई सावकाश सांगत होत्या. दुसरं काही शोधू का, मी विचारलं. राहू दे, तेच राहू दे, साहेब म्हणाले. त्यांनी ती बाई पाण्याचं प्रमाण सांगेपर्यंत ऐकली.

"आता कोणत्या बाजूला धरलायस फोन?"

मी उजवीकडे उभा होतो. वायर ओलांडून पलीकडे गेलो, खाली बसलो आणि फोन डाव्या स्पीकरच्या जाळीला टेकवला.