सासऱ्यांचं अरे-तुरे

लॉकडाऊनात शिरूरजवळच्या कारखान्यातली माझी नोकरी गेली आणि आम्ही नवरा-बायको खोली सोडून केडगावला सासऱ्यांच्या मळ्यात येऊन राहिलो. सासरे भले माणूस. चहा आला की म्हणायचे, "घ्या पाव्हणं." मी खुरपं उचललं की हातातून काढून घ्यायचे, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं, तुमचं काम न्हाई ते." आमच्याकडं जावयाला पाव्हणंच म्हणतात, त्यात वावगं काहीच नाही. पण तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, अशी म्हण आहे. माझा तर तिथं तिसरा महिना चालू होता. तो शब्द मला झोंबायचा, आणि राग मात्र बायकोवर निघायचा. भाजीवरून, फोनवरून, कशावरूनही. शेवटी ती म्हणाली, "माझ्या बापाच्या घरात माझ्यावर आवाज चढवू नका." मग बोलणंच बंद झालं. मी एकट्यानं शिरूरला परत जायचं ठरवून बॅग भरली.

निघायच्या सकाळीच सासऱ्यांची कंबर धरली, आणि नेमकी तेव्हाच वीज आली. बायको फुलांच्या तोडणीत अडकलेली, शेवंतीला पाणी द्यायला दुसरं कुणी नव्हतं. म्हटलं, जाता जाता एवढं करावं. एक वाफा भरला की तो बंद करून पाणी पुढच्यात सोडायचं, एवढंच काम. पण मी मशीनवरचा माणूस. पाटच फुटला आणि पाणी नुकत्या पेरलेल्या कोथिंबिरीत घुसलं.

"आरं गाढवा, माती टाक की! बघत काय उभा राह्यलास?" कंबर धरून बांधावर येऊन बसलेले सासरे कडाडले.

मी दोन्ही हातांनी चिखल ओढून पाट बुजवला. वर बघतो तर त्यांचा चेहरा पडलेला. "चुकलं पाव्हणं. तोंडातनं गेलं."

बायको तिथंच फुलं तोडत होती. "चुकलं काय त्यात, आबा? आपल्याच माणसाला बोलतो आपण," म्हणाली आणि हसत सुटली. मीही हसलो, मग डोळे भरून आले. नोकरी गेल्यापासून सगळे माझ्याशी जपून बोलत होते. रागवावं इतका जवळचा मी कुणालाच वाटत नव्हतो, निदान मला तरी तसं वाटायचं.

बॅग तिनंच रिकामी केली.

आता नोकरी आहे, शिरूरला खोलीही आहे. परवा सहज विचारलं, "त्या दिवशी मी गेलो असतो, तर तू आली असतीस ना मागनं?"

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "न्हाई."

सासऱ्यांचे उपकार मी कसे फेडू?