माळ्यावरची विळी

आमची विळी दोन वर्षं माळ्यावर पडून होती. ती तिथे मी ठेवली, आणि तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

झालं असं की बाथरूमच्या दाराशी बायकोचा पाय पायपुसण्यात अडकला, तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. गोळ्या लिहून दिल्या आणि वर बजावलं की यांना चालू द्या, जिना चढू द्या, हात न टेकता उठू-बसू द्या. हाडांवर भार पडला तरच ती टिकतात. मी मान डोलावली. डोक्यात राहिलं ते फक्त ठिसूळ.

घरी आल्यावर मी फतवे काढायला लागलो. बादली उचलायची नाही. बाजारात जायचं नाही. खाली बसायचं नाही. खारी गावातल्या आमच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिने वर्षानुवर्षं तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवलं, तेव्हा मी खुशाल पेपर वाचत बसायचो. तोच मी आता इंद्रलोक वसाहतीतल्या नव्या लिफ्टवाल्या घरात तिच्या हातून तांब्याही काढून घेत होतो. शेवटी राहिली विळी. भाजी, मासे, नारळ, सगळं तिला जमिनीवर बसूनच जमायचं. दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी ती बसायची आणि उठायची. मी सुरी आणली आणि विळी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली.

"अहो, येतंय की मला उठायला," ती म्हणाली.

"जन्मभर राबलीस. आता आराम कर."

तिने दोन-तीन दिवस तोंड फुगवलं आणि मग खरंच आराम केला. मीही तिच्या शेजारी सोफ्यावर बसलो. आम्ही मिळून पुष्कळ टीव्ही पाहिला.

उत्तनची एक मावशी आमच्या गेटवर मासे घेऊन येते. वयाने बायकोपेक्षा मोठीच असेल. डोक्यावरची टोपली उतरवून उकिडवी बसते आणि गिऱ्हाईक झालं की टोपली घेऊन उठते. तिने एकदा विचारलं, "बाय खाली येत न्हाय ती?"

"हाडं नाजूक आहेत तिची."

"पाय हायत ना? मंग येऊ दे की."

मला राग आला. महिनाभर मी तिच्याकडून मासे घेतले नाहीत. असा माझा स्वभाव.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी बेल वाजली, बायको दार उघडायला सोफ्यावरून उठली आणि तिथेच कोसळली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, ती घरी आली, आणि व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी रोज दुपारी येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काकू, आधी घरात काय काय करायचात तुम्ही?"

मीच हौसेने यादी सांगितली. पाणी, जिने, विळी.

"मग हे सगळं बंद कधी झालं?"

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मलाच कंटाळा यायला लागला होता गं."

तिने चारचौघांत माझी खरडपट्टी काढली असती तरी चाललं असतं. हे सांभाळून घेणं मला सहन झालं नाही. मी चहाच्या निमित्ताने आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो.

मुलगी दोन महिने आली. टाचा उचलायच्या, पाय ताणायचा, वॉकर धरून दारापर्यंत जायचं. बायको चार पावलं टाकते आणि म्हणते, "पुरे. उद्या बघू." शेवटच्या दिवशी लिफ्टपाशी ती मुलगी मला हळूच म्हणाली, "पायांत ताकदच नाही राहिली, काका. खूप दिवस वापर नव्हता ना. आणि खाली जमिनीवर तर आता कधीच बसवू नका." लोक म्हणतात, होईल हळूहळू. मला नाही वाटत. रोज तिच्या पायांना तेल लावताना हाताला कळतं, आणि ते मी केलंय हेही कळतं.

परवा ती म्हणाली, "खोबऱ्याची आमटी खावीशी वाटतेय. मिक्सरमधलं नको. खवलेलं." कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी खावंसं वाटलं होतं. मी स्टुलावर चढून विळी काढली, चिंचेने घासली, ओट्याखाली मांडली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी तिच्या पाटावर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा नारळ खवला. आवाजावरून तिला आत पलंगावर सगळं समजत होतं.

"काळ्यापर्यंत जाऊ नका हं," ती म्हणाली.

अर्धी वाटी झाली. मी उठायला गेलो आणि उठता येईना. हात टेकला, पुन्हा जोर केला. पाय जागचे हलले नाहीत. ओट्याची कड वर होती, हात तिथवर पोचत नव्हता.

"अहो, उठलात का?" तिने आतून विचारलं.

"उठलो," मी म्हणालो. ती बघायला येणार नव्हती.