वरकुट्याच्या विहिरीतली लेकुरवाळी

आक्काचं, माझ्या बहिणीचं, पत्र आलं, "गंगूच्या पायाला नारू झालाय, शाळा सुटली. आता धाकट्या बाबूची धास्ती वाटते." मी पुण्यात मुलांना शास्त्र शिकवतो, पण भाचीच्या गावी आजवर फक्त पाहुणचार झोडायला गेलो होतो. लाज वाटली. हेडमास्तरांच्या हातापाया पडून शाळेचं सूक्ष्मदर्शक मागून घेतलं आणि निघालो.

कुणाला या बाजूला यायचं असेल तर दौंडला गाडी बदलून बारामतीची छोटी रेल्वे धरावी आणि घाई घरी ठेवून यावी. बारामतीत कालव्याकाठी ऊसच ऊस. गुऱ्हाळावर दोन पैशांत तांब्याभर रस मिळाला. पुढे इंदापूरची मोटर. ती भरल्याखेरीज सुटत नाही, आणि भरल्यावरही सुटत नाही! कालवा मागे पडला की नुसता माळ. इंदापुराहून बैलगाडीनं वरकुट्याला पोचलो तेव्हा अंगातलं एकेक हाड मोजता येत होतं.

गावाला पिण्याच्या पाण्याची एकच पायऱ्यांची विहीर. उन्हाळ्यात पाणी खोल जातं, मग बायका-पोरी पाण्यात उतरूनच घागरी भरतात. गंगूच्या घोट्यातून नारूचा पांढरा, दोऱ्यासारखा जंत बाहेर आला होता. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा. पोर ओठ चावून बसायची, मला बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडलं, काचेवर विहिरीच्या पाण्याचा थेंब ठेवला. पहिला नंबर गंगूचा.

"मामा, किडा हाय ह्यात! डोळा एकच हाय त्येला. आन् दोन्ही अंगांला पिशव्या कसल्या?"

"अंडी आहेत तिची."

"म्हंजी लेकुरवाळी हाय!"

या किड्यांच्या पोटात नारूची पिल्लं असतात, पाणी दुपदरी फडक्यानं गाळा, असं मी बजावलं. पोरांनी माना डोलावल्या. माझी छाती फुगली.

सकाळी विहिरीवर गेलो, तर गंगू पाण्यात उभी राहून घागर गाळत होती आणि फडकं उलटं करून विहिरीतच खळबळत होती. बाकीच्या पोरींचंही तेच.

"अगं, हे काय चाललंय?" मी ओरडलो.

"लेकुरवाळी हाय, मामा. घरला जाऊ दे की तिला."

मी आणखी भडकणार, तोच पायरीवर बसलेले म्हातारे तात्या म्हणाले, "मास्तर, जीव हाय म्हणून तुमीच दावलं. आता पोरींवर कशाला चिडता?"

खरं होतं. मी अर्धाच धडा शिकवला होता. खाली बसलो आणि उरलेला सांगितला. नारूचा पाय पाण्यात बुडला की नारू पाण्यात पिल्लं सोडतो. ती पिल्लं हा किडा खातो, आणि किडा आपण पाण्याबरोबर पितो.

गंगू पाण्यातल्या आपल्या पायाकडे बघत राहिली. "म्हंजी तिच्या पोटात नारू माझ्याच पायानं घातला? आन् त्येच पानी बाबू पितोय?"

तुझा दोष नाही, असं मी म्हणेपर्यंत ती लंगडत वर आली होती. घागर मैत्रिणीच्या हाती देऊन म्हणाली, "आजपासनं नारूवाल्यानं खाली उतरायचं न्हाय. मीबी न्हाय."

नारू अंगात शिरल्यावर वर्षभरानं बाहेर येतो. म्हणून पुण्यात परतल्यावर बाबूच्या काळजीनं मी वर्षभर जीव मुठीत धरून होतो. परवा आक्काचं पत्र आलं. बाबूचे पाय स्वच्छ आहेत. गंगू पहिल्या पायरीवर बसते, दुखऱ्या पायाचं कुणीही आलं तरी अडवते आणि त्याची घागर दुसऱ्याकडून भरवून देते. फडकं आता तापल्या मातीवर झटकते, पण त्याआधी लेकुरवाळीला हात जोडते.

ते हात जोडणं मी तिला शिकवलं नव्हतं.